ए/बी चाचणी

ए/बी चाचणी : संकेतस्थळावर, ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये केलेला बदल खरोखर उपयोगी पडतो का, हे वापरकर्त्यांच्या प्रत्यक्ष वागण्यावरून ठरवण्याची पद्धत. वापरकर्त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एका गटाला आहे तीच आवृत्ती (ए) दाखवतात, दुसऱ्याला बदललेली (बी), आणि एकाच काळात दोन्ही गटांसाठी आधी ठरवलेले माप मोजतात. सुट्ट्या, जाहिराती, स्पर्धकाची सवलत, सर्व्हरवरचा ताण या साऱ्या गोष्टी दोन्ही गटांना सारख्याच लागू असतात. त्यामुळे मापात दिसणारा फरक बदलामुळे पडला की योगायोगाने, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर संख्याशास्त्राला देता येते. ‘नवे पान लावले आणि पुढच्या महिन्यात विक्री वाढली’ या तुलनेतून ते उत्तर कधीच मिळत नाही, कारण त्या महिन्यात आणखी काय काय बदलले हे वेगळे काढता येत नाही.

उगम

पद्धतीचे मूळ शेतात आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. जमिनीचा कस जागोजागी वेगळा असतो, म्हणून कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे माणसाने न ठरवता यादृच्छिकपणे ठरवावे, हा त्यांचा आग्रह आजच्या चाचण्यांचाही पाया आहे. त्याआधी १९०८ मध्ये गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची रीत मांडली होती. वैद्यकात १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीने यादृच्छिक वाटपाला प्रतिष्ठा मिळवून दिली. इंटरनेटने यात भर घातली ती वेगाची. शेतात पिकासाठी हंगामभर थांबावे लागते. संकेतस्थळावर हजारो लोकांचे वागणे एका दिवसात नोंदले जाते.

नेतृत्वाशी संबंध

व्यवसायात या पद्धतीने सर्वांत मोठा बदल केला तो निर्णयाच्या अधिकारात. बैठकीत सर्वांत वरच्या पदावरील व्यक्तीचे मत आपोआप निर्णय ठरते. चाचणी त्या मताला इतर मतांच्या रांगेत उभे करते. याची गरज आहे, कारण अनुभवी माणसांचे अंदाजही वारंवार चुकतात. मायक्रोसॉफ्टमधील चाचण्यांच्या प्रसिद्ध झालेल्या अनुभवानुसार साधारण एक तृतीयांश कल्पना फायद्याच्या निघाल्या, एक तृतीयांश निष्प्रभ ठरल्या आणि एक तृतीयांश चक्क नुकसानीच्या निघाल्या. आधीच घासूनपुसून घेतलेल्या बिंग या शोधयंत्रावर यशाचे प्रमाण १०–२०% इतकेच होते.

उलट बाजूचे उदाहरणही बिंगचेच. २०१२ मध्ये जाहिरातीच्या मथळ्याची मांडणी बदलण्याची एका कर्मचाऱ्याची सूचना सहा महिन्यांहून अधिक काळ यादीत तळाशी पडून होती. अखेर एका अभियंत्याने ती लिहून चाचणीला लावली. काही तासांतच उत्पन्न इतके वर गेले, की मोजणीत बिघाड झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. बिघाड नव्हता. उत्पन्नात १२% वाढ झाली होती. एकट्या अमेरिकेत ती वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक भरली.

चाचणीपत्रक

चाचणी विश्वासार्ह ठरेल की नाही, हे ती सुरू होण्याआधीच ठरलेले असते. म्हणून एका पानाचे पत्रक आधी लिहून त्यावर संबंधितांची संमती घेतात. त्यात पाच गोष्टी लागतात: गृहीतक (‘पत्त्याचे सात रकाने तीनवर आणले तर खरेदी पूर्ण करणारे वाढतील, कारण बरेच जण याच पानावरून परततात’), मुख्य माप, रक्षक मापे (बदलामुळे बिघडू नयेत म्हणून ज्यांवर नजर ठेवायची ती), नमुन्याचा आकार व कालावधी, आणि निर्णयाचा नियम. शेवटची नोंद सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि तिच्याच अभावी सर्वांत जास्त वाद होतात. फरक स्पष्ट आला तर काय, आला नाही तर काय, मुख्य माप वाढले पण परतावे (ग्राहकांनी परत केलेला माल) वाढले तर काय, हे आकडे हातात नसतानाच प्रामाणिकपणे लिहिता येते. आकडे आल्यावर प्रत्येकाला आपल्या बाजूचा आकडा सापडतो.

मुख्य माप निवडताना अल्पकालीन आणि दीर्घकालीन हित वेगळे पडू शकते. बिंगवर एकदा एका दोषामुळे शोधाचे निकाल वाईट दिसू लागले. तेव्हा प्रत्येक वापरकर्त्यामागे शोधांची संख्या १०% हून अधिक आणि उत्पन्न ३०% हून अधिक वाढले. लोकांना हवे ते सापडत नव्हते, म्हणून ते पुन्हा पुन्हा शोधत होते आणि जाहिरातींवर क्लिक करत होते. ‘शोधांची संख्या’ हे मुख्य माप धरले असते तर हा दोष यश म्हणून मिरवला गेला असता. परतून येण्याचे प्रमाण, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्यामागे भेटी, हे माप अशा जागी अधिक भरवशाचे असते. पान उघडण्याचा वेळ, त्रुटींचे प्रमाण, परतावे आणि ग्राहकसेवेकडे येणाऱ्या तक्रारी ही नेहमीची रक्षक मापे.

गटवाटप

वाटप दर वेळी नव्याने चिठ्ठी काढून करत नाहीत, कारण मग तोच माणूस आज ए आणि उद्या बी पाहील. वापरकर्ता क्रमांकाला चाचणीचे नाव जोडून (उदा. ‘५८२१०४:पत्ता-तीन-रकाने’) तो मजकूर हॅश फलनातून (कोणत्याही मजकुराची एक ठरावीक पण यादृच्छिक दिसणारी संख्या करणाऱ्या सूत्रातून) काढतात. मिळालेल्या मोठ्या संख्येला १,००० ने भागून बाकी घेतात: ० ते ४९९ असेल तर ए, ५०० ते ९९९ असेल तर बी. तोच क्रमांक आणि तीच चाचणी असेपर्यंत उत्तर नेहमी तेच येते, काही साठवून ठेवावे लागत नाही. चाचणीचे नाव जोडले नाही, तर प्रत्येक चाचणीत तीच माणसे बी गटात पडतात आणि आधीच्या चाचणीचा प्रभाव पुढच्या निकालात मिसळतो.

खाते नसलेल्या पाहुण्यांना कुकीवरून (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीवरून) ओळखावे लागते. पानावरील स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सफारी ब्राउझरने २०१९ पासून सात दिवसांवर आणले आहे. त्यामुळे दहा दिवसांनी परतणारा पाहुणा नवा मोजला जातो आणि दुसऱ्या गटातही जाऊ शकतो. लांब चाचण्यांसाठी खात्यावर आधारित वाटप म्हणूनच बरे.

नमुन्याचा आकार

सार्थकतेची पातळी (खरा फरक नसताना तो आहे असे वाटण्याची शक्यता) ५% आणि खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता ८०% धरली, तर प्रत्येक गटाला लागणारे वापरकर्ते = १६ × प्रचरण (आकडे किती विखुरलेले आहेत त्याचे माप) ÷ फरकाचा वर्ग, हे ढोबळ सूत्र पुरते. समजा, सध्या १०० पैकी ४ पाहुणे खरेदी करतात आणि ४.४ झाले तरच बदल लावण्यात अर्थ आहे. प्रचरण ०.०४ × ०.९६ = ०.०३८४, फरक ०.००४, म्हणून १६ × ०.०३८४ ÷ ०.००००१६ = ३८,४०० प्रत्येक गटात. दोन्ही गटांचे मिळून ७६,८०० पाहुणे, रोज ६,००० येत असतील तर १३ दिवस. पण आठवड्याच्या वारांनुसार लोकांचे वागणे बदलते, म्हणून पूर्ण आठवडे घेऊन १४ दिवस ठेवतात. निम्मा फरक, म्हणजे ०.२ टक्काबिंदू पकडायचा तर नमुना चौपट होतो: प्रत्येकी १,५३,६००. लहान संकेतस्थळांवर बटणाच्या रंगाच्या चाचण्या निष्फळ का ठरतात, याचे कारण याच गणितात आहे.

नमुना न वाढवता अचूकता वाढवण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे चाचणीपूर्वीची माहिती वापरणे. मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या क्युपेड पद्धतीत प्रत्येक वापरकर्त्याचे आधीचे वागणे हिशेबात धरून प्रचरण कमी करतात. आधीच्या आणि आताच्या मापांतील सहसंबंध ०.७ असेल, तर प्रचरण जवळजवळ निम्मे होते, म्हणजे निम्म्या पाहुण्यांत तेवढीच अचूकता मिळते. अगदी नव्या पाहुण्यांबाबत मात्र तिचा उपयोग नाही.

चालवणे आणि वाचणे

प्रथम ए विरुद्ध ए अशी चाचणी घेतात: दोन्ही गटांना तेच पान. अशा अनेक चाचण्यांत साधारण ५% वेळाच ‘सार्थक’ फरक दिसायला हवा. जास्त वेळा दिसला तर मोजणीत दोष आहे. मग बी आवृत्ती आधी १%, नंतर ५% लोकांना दाखवून ती कोसळत नाही ना, हे पाहतात आणि शेवटी ५०–५० वर आणतात. मुख्य विश्लेषण या शेवटच्या टप्प्यातील आकड्यांवरच करावे. टप्पे एकत्र केल्यास काय होते, ते पाहा. पहिल्या दिवशी ९०–१० वाटप: ए मध्ये ९,००० पैकी ४५० खरेदी (५%), बी मध्ये १,००० पैकी ६० (६%). दुसऱ्या दिवशी ५०–५०, आणि दिवस मंदीचा: ए मध्ये ५,००० पैकी १०० (२%), बी मध्ये ५,००० पैकी १२० (२.४%). दोन्ही दिवशी बी सरस. बेरीज केली की ए १४,००० पैकी ५५०, म्हणजे ३.९३%, बी ६,००० पैकी १८०, म्हणजे ३%. बी हरलेली दिसते, कारण तिचे बहुतेक पाहुणे मंदीच्या दिवशीचे आहेत. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

निकाल वाचताना आधी गटांची संख्या पाहतात, मग माप. ५०–५० वाटपात ए मध्ये ३८,४०० आणि बी मध्ये ३७,४०० आले, तर फरक किरकोळ वाटतो. पण निव्वळ योगायोगाने इतके अंतर पडण्याची शक्यता १०,००० मध्ये ३ एवढीच आहे. अशी चाचणी रद्दच करावी. ‘दुरुस्त’ करून वापरू नये. नेहमीची कारणे अशी: बी चे पान वेगळ्या पत्त्यावर वळवलेले असते आणि त्या वळणात मंद जोडणीचे लोक मोजले जाण्याआधीच निघून जातात, किंवा बॉट गाळणारा नियम एका गटात जास्त लागू पडतो. गळालेले लोक सहसा सर्वांत कमी खरेदी करणारे असतात, म्हणून मंद पान उलट चांगले दिसते.

संख्या जुळल्यावर माप. ए मध्ये ३८,४०० पैकी १,५३६ खरेदी, बी मध्ये तितक्यांपैकी १,६५१: फरक ०.३० टक्काबिंदू, ९५% विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज) ०.०२ ते ०.५८, पी-मूल्य सुमारे ०.०४. याचा अर्थ बदल निष्फळ असण्याची शक्यता ४% आहे, असा नाही. बदलाचा काहीच परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी सुमारे ४ वेळा दिसला असता, एवढाच त्याचा अर्थ. व्यवस्थापकाला पी-मूल्यापेक्षा अंतराल जास्त सांगून जातो: खरा फायदा नगण्यही असू शकतो आणि चांगला भरघोसही.

काय बिघडते

सर्वांत जास्त नुकसान डोकावण्याने होते. रोज डॅशबोर्ड उघडायचा आणि पी-मूल्य ०.०५ खाली दिसताच विजय जाहीर करायचा, अशी सवय असेल तर ५% चुकीची हमी उरत नाही. समान अंतराने पाच वेळा पाहिल्यास खोट्या विजयाची शक्यता सुमारे १४%, दहा वेळा पाहिल्यास सुमारे १९% होते. मध्येच थांबायची मुभा हवी असेल तर त्यासाठीच बनवलेली अनुक्रमिक पद्धत सुरुवातीपासून वापरावी. तेच मापांच्या गर्दीबाबत: एकमेकांपासून स्वतंत्र अशी २० मापे तपासली, तर काहीच परिणाम नसतानाही किमान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४% असते.

खोट्या विजेत्यांचे प्रमाण कल्पनांच्या दर्जावरही अवलंबून असते. १०० पैकी १० कल्पनाच उपयोगी असतील, तर त्यांतल्या ८ पकडल्या जातात आणि उरलेल्या ९० मधून २–३ योगायोगाने जिंकतात (५% चुकांपैकी निम्म्याच वाढीच्या दिशेने पडतात). म्हणजे दर पाच विजेत्यांत साधारण एक खोटा. महत्त्वाचा निकाल पुन्हा चाचणी घेऊन पडताळावा, तो यासाठी.

वाटप माणसागणिक केले आणि विश्लेषण क्लिकागणिक, तर एकाच माणसाच्या अनेक क्लिक स्वतंत्र धरल्या जातात आणि अचूकता खोटी फुगते. नवेपणामुळे पहिल्या काही दिवसांत क्लिक वाढून नंतर ओसरतात, म्हणून परिणाम दिवसागणिक मांडून पाहावा. निरोप पाठवणारी ॲप आणि खरेदीदार-विक्रेत्यांचे मंच यांत एका गटाचा परिणाम दुसऱ्यात झिरपतो: उदा. टॅक्सीच्या ॲपवर बी मधल्या ग्राहकांनी उपलब्ध गाड्या आधी घेतल्या की ए मधल्यांना कमी मिळतात आणि फरक दुपटीनेही फुगू शकतो. तिथे शहरवार किंवा ठरावीक तासांनी आलटून पालटून वाटप करतात.

मर्यादा

दोन कंपन्यांचे विलीनीकरण, नवा बाजार, ४० मोठ्या ग्राहकांवर चालणारा व्यवसाय अशा ठिकाणी ही पद्धत चालत नाही. तिथे निर्णयाची जबाबदारी माणसावरच राहते. नैतिक मर्यादाही आहेत. फेसबुकने २०१२ मध्ये ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या न्यूज फीडमधील भावनिक मजकूर कमीजास्त करून त्यांच्या लिखाणावरील परिणाम तपासला; तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर संमतीच्या प्रश्नावरून मोठी टीका झाली. आरोग्य, कर्ज, मुले यांच्याशी संबंधित चाचणी तटस्थ परीक्षणाशिवाय लावू नये.

चाचणी संपली की हरलेल्या आवृत्तीचा कोड आणि तिचा स्विच (ती कोणाला दाखवायची हे ठरवणारी कोडमधली कळ) काढून टाकावा लागतो. राहिलेले स्विच पुढे एकमेकांत अडकतात. वर्षभराच्या सगळ्या विजयांची बेरीजही जशीच्या तशी धरता येत नाही, कारण निवडून आलेले आकडे खऱ्यापेक्षा मोठे असण्याचा कल असतो. म्हणून काही कंपन्या १–५% वापरकर्त्यांना काही महिने सर्व नव्या बदलांपासून दूर ठेवतात आणि एकूण फायदा त्यांच्याशी तुलना करून मोजतात. हा आकडा वेगवेगळ्या निकालांच्या बेरजेपेक्षा सहसा लहान येतो, आणि अंदाजपत्रकात तोच धरावा.