गोमंतकीय साहित्यातील उपेक्षितांचे चित्रण

गोव्यातील मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज साहित्यात समाजाच्या कडेला राहिलेल्या माणसांच्या जगण्याचे, त्यांच्या असहायतेचे आणि त्यांच्या स्वतःच्या बोलण्याचे जे दर्शन घडते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. कुणबी, गावडे, वेळीप, धनगर, मुंडकार, माडाची सूर काढणारे रेंदेर, मासेमारी करणारे खारवी, कुंभार, देवळाच्या सेवेतील भाविणी व कलावंतिणी, परदेशी आया म्हणून राबणाऱ्या बायका ही या साहित्यातील मुख्य माणसे. त्यांच्यावर प्रथम इतरांनी लिहिले, आणि बऱ्याच उशिरा त्यांच्यातल्यांनी लेखणी हाती घेतली. या दोन प्रकारच्या लेखनांतले अंतर हाच या विषयाचा कणा आहे.

उपेक्षेचे स्वरूप समजायला मुंडकारी आधी समजून घ्यावी लागते. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राही. भाटातल्या (बागायतीतल्या) माडांची राखण, नारळ पाडण्याच्या वेळची धावपळ, सणासमारंभातली पडेल ती कामे हे त्याच्या राहण्याचे मोल. घर त्याने स्वतःच्या हाताने उभारलेले असले, तरी भिंत नव्याने घालायची किंवा छप्पर वाढवायचे तर भाटकाराचा शब्द घ्यावा लागे, आणि तो रुसला तर बिऱ्हाड उचलण्याची पाळी येई. पोर्तुगीज सत्तेतून मुक्ती मिळाल्यानंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला, तेव्हा या भीतीला प्रथमच कागदावर उत्तर मिळाले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळायला तर २००३ साल उजाडले. धनगर त्यातूनही बाहेरच राहिले. लेखकाने भाटकाराच्या सोप्यावर बसून पाहिलेला मुंडकार आणि मुंडकाराच्या ओटीवरून दिसणारा भाटकार ही दोन वेगवेगळी पुस्तके होतात, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

पुस्तकांच्या कितीतरी आधी हा आवाज गाण्यात होता. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर ओळी धरून धालो हा नाच-गाण्याचा खेळ घालतात. धालोची गीते, फुगड्या आणि जात्यावरच्या ओव्या यांत सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याची मर्जी, पिकाची चिंता सारे येते. घरात वर मान करून बोलायची सोय नसलेली बाई मांडावर चारचौघींत ते गाऊन मोकळी होई. हे धन कागदावर आणण्यासाठी केपे तालुक्यातील आमोणे गावच्या जयंती नायक यांनी गावोगाव हिंडून जे काम केले, त्याला गोव्याच्या वाङ्मयेतिहासात तोड नाही. त्यांच्या स्वतःच्या कथाही त्याच मातीतून उगवल्या आहेत. ‘अथांग’ या कथासंग्रहाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मराठीत गोव्याच्या खेड्यातले जीवन ठसठशीतपणे आणण्याचा मान वि. स. सुखटणकरांच्या ‘सह्याद्रीच्या पायथ्याशी’ (१९३१) या कथासंग्रहाकडे जातो. त्यानंतर लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या कथांनी इथली हिंदू आणि ख्रिस्ती माणसे एकाच जिव्हाळ्याने रंगवली. बा. भ. बोरकरांनी १९५० मध्ये ‘भावीण’ ही कादंबरी लिहिली. या लेखनात कणव मनापासूनची आहे, निरीक्षणही बारीक आहे. पण पात्राच्या आणि लेखकाच्या मध्ये उंबरठा आहे, आणि तो ओलांडला जात नाही.

हा उंबरठा ओलांडणारे पुस्तक म्हणजे राजाराम रंगाजी पैंगीणकर यांचे ‘मी कोण?’ हे मराठी आत्मचरित्र (१९६९). या विषयात मराठी वाचकाने एकच पुस्तक वाचायचे ठरवले, तर ते हेच असावे. गोव्यातील देवळांशी कलावंत, भाविणी, देवळी, बांदे अशा उतरंडीने लोक बांधलेले होते. कलावंतीण गायची, नाचायची; भावीण देवळात झाडलोट करायची, दिवे लावायची, चवरी ढाळायची. मुलीचा ‘शेंस’ विधी झाला की तिचे लग्न देवाशी लागले असे धरले जाई आणि घरसंसाराची वाट तिला बंद होई. तिच्या पोटच्या मुलांना आईचे नाव असे. बापाचे नाव गावाला ठाऊक असूनही कोणी उच्चारत नसे. शाळेच्या दाखल्यापासून सोयरिकीपर्यंत प्रत्येक पायरीवर ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न त्या मुलाची वाट अडवून उभा राही. काणकोणातील पैंगीणहून आलेल्या या लेखकाने तोच प्रश्न आपल्या पुस्तकाच्या माथ्यावर लावला आणि जन्माची कहाणी लपवाछपवी न करता सांगितली. आत्मचरित्रात माणूस सहसा आपले कर्तृत्व मांडतो. इथे आधी लाज मांडली आहे आणि ती ज्यांची आहे त्यांच्या पदरात परत घातली आहे. म्हणूनच या पुस्तकाची धग अजून कमी झालेली नाही.

पैंगीणकर एकटे नव्हते. त्यांच्यामागे एका समाजाने चालवलेली सुधारणेची चळवळ होती. कलावंत, भाविणी, देवळी अशी फाटाफूट मोडून हे सारे गोमंतक मराठा समाज या नावाखाली एकत्र आले, शेंस विधीविरुद्ध उभे राहिले, मुलामुलींच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला. १९२९ पासून निघालेले ‘समाज सुधारक’ हे त्यांचे मासिक या दृष्टीने मोठा ठेवा आहे. ज्या घरांची ओळख बाहेरच्या जगाला फक्त तंबोऱ्यामुळे होती, त्या घरांतले लोक तिथे मराठीत स्वतःविषयी लिहीत होते, वाद घालत होते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतल्या. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेपलीकडच्या प्रवासाला निघाली. गाणे जगाने डोक्यावर घेतले. ते गाणाऱ्या बायकांनी सोसलेल्याची विचारपूस मात्र समाजाच्या स्वतःच्या मासिकाबाहेर फारशी कोणी केली नाही.

पोर्तुगीज भाषेतील गोमंतकीय लेखनाचा प्रवास वेगळा. नावेलीच्या फ्रांसिस्को लुईस गोमिश यांची ‘ओस ब्रामानेश’ (१८६६) ही गोमंतकीयाने लिहिलेली पहिली कादंबरी मानली जाते. जातिभेद आणि गोऱ्यांचा अहंकार या दोहोंवर ती प्रहार करते, पण तिची भूमी गोव्याची नाही, अवधमधल्या फैजाबादेची आहे. घरातली गोष्ट परक्याच्या अंगणात नेऊन सांगावी लागली, यातच तेव्हाच्या दडपणाचा अंदाज येतो. जवळजवळ शतकानंतर ऑर्लांदो द कॉश्ता यांनी ती घरी आणली. लहानपण मडगावात काढलेल्या या लेखकाची ‘ओ सिग्नु दा इरा’ (१९६१) ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील गोव्यात घडते आणि तिच्या मध्यभागी शेतात राबणारे कुणबी आहेत. टंचाई, गावात आलेले पोर्तुगीज सैनिक, भाटकाराची सत्ता आणि या साऱ्यांत सापडलेली कुणबी पोर असा तिचा पट आहे. लेखकाला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजकीय पोलिसांनी आधीच अटक केलेली होती. तरीही लिस्बनच्या विज्ञान अकादमीचा रिकार्दो माल्येरोश पुरस्कार या कादंबरीला मिळाला. दोन वर्षांनी व्हिमला देवी यांचा ‘मोन्सांव’ (१९६३) हा कथासंग्रह आला. ब्रिटोणा गावी जन्मलेल्या या लेखिकेने भाटकार-मुंडकारांतले ताण आणि परमुलखी गेलेल्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायका अतिशय संयमाने लिहिल्या. दोन्ही पुस्तके उत्तम आहेत. मात्र ज्या कुणब्यांवर ती लिहिली, त्यांना पोर्तुगीज वाचता येत नव्हते.

मुक्तीनंतर कोंकणीत हे चित्र पालटू लागले. २६ जानेवारी १९६३ रोजी र. वि. पंडितांचे पाच कवितासंग्रह एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एकाचे नावच ‘म्हजें उतर गावड्याचें’. कवी स्वतः गावडा नव्हता, पण गावड्याच्या तोंडून बोलण्याचा निर्धार तिथे उघड आहे. पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’ (१९७७) ही खाणींच्या तडाख्यात सापडलेल्या गावाची कादंबरी. पंढरी हा शेतकरी शेत सोडून खाणीवर जातो. हातात रोख पैसा खुळखुळू लागतो आणि त्याबरोबर घर, शेत, ओहोळ, नाती एकेक करून ढासळतात. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि ट्रकवाल्यांपासून यंत्रे चालवणाऱ्यांपर्यंत सारे हातावर हात धरून बसले, तेव्हा अनेकांना या कादंबरीची आठवण झाली असेल. खाणीने गावाला परावलंबी कसे केले, हे तिने पस्तीस वर्षे आधी लिहून ठेवले होते.

दामोदर मावजो यांची ‘कार्मेलिन’ (१९८१) ही या परंपरेतली सर्वांत जास्त वाचली गेलेली कादंबरी म्हणता येईल. आईबाप लहानपणीच गमावलेली, नवऱ्याच्या दारूने मेटाकुटीला आलेली कार्मेलिन मुलीला मागे ठेवून कुवेतला आया म्हणून जाते. परक्याचे मूल सांभाळून ती स्वतःच्या मुलीसाठी पैसे पाठवते, आणि मालकाच्या घरात तिला जे भोगावे लागते ते कोणाला सांगण्याची सोय तिच्याजवळ नसते. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या कितीतरी घरांवर आखाती पैशाने स्लॅब चढला. त्या पैशाची किंमत कोणत्या बाईने कशी चुकवली, हे गावात कोणी मोठ्याने बोलत नसे. मावजो माजोर्ड्यात घरचे दुकान चालवत. गिऱ्हाईक म्हणून रोज समोर उभ्या राहणाऱ्या माणसांकडे त्यांनी लेखकाच्या नजरेने पाहिले, आणि त्या बाईवर निवाडा देण्याचा मोह टाळला. कार्मेलिन ना पतिव्रता म्हणून उंचावली आहे, ना पतिता म्हणून खाली ढकलली आहे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. पुढे मावजो ज्ञानपीठाचे मानकरी झाले.

महाबळेश्वर सैल हे कारवारजवळच्या माजाळीचे. सैन्यात आणि मग टपाल खात्यात नोकरी केलेला हा लेखक मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांत लिहितो. त्यांची ‘हावठण’ ही कादंबरी गोव्यातल्या कुंभारांची आहे. माती मिळेनाशी होते, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक घराघरांत शिरते, चाक थांबते आणि त्याबरोबर एका समाजाची भाषा, देव, विधी सारेच पोरके होतात. या कादंबरीला २०१६ चा सरस्वती सन्मान लाभला.

विष्णु सूर्या वाघ यांच्या ‘सुदिरसूक्त’ (२०१३) या कोंकणी कवितासंग्रहाने कणवेचा सूर सोडला आणि थेट जाब विचारला. बहुजनांच्या वाट्याला आलेला अपमान, देवळातली आणि भाषेतली मक्तेदारी यांवर या कविता अंगावर येतात. शब्द सोवळे नाहीत आणि ते जाणूनबुजून तसे आहेत. २०१७ मध्ये या संग्रहाच्या पुरस्काराच्या शिफारशीवरून गोव्यात रान पेटले, अश्लीलतेचा आरोप झाला, पोलिसांत तक्रार गेली आणि शेवटी कोंकणी अकादमीचे पुरस्कारच रद्द झाले. कवी त्या वेळी आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे निधन झाले. उपेक्षित माणूस दुःख सांगतो तोवर त्याचे कौतुक होते, तो नाव घेऊन बोट दाखवू लागला की वातावरण पालटते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसले.

या साऱ्याची एक अडचण लिपीची आणि भाषेची आहे. गोव्यात मराठीचा वाचक, देवनागरी कोंकणीचा वाचक, रोमी लिपीतल्या कोंकणीचा वाचक आणि पोर्तुगीज-इंग्रजीचा वाचक असे वेगवेगळे कप्पे पडले आहेत. मुंबईतल्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांत, राहणारे खलाशी, आचारी, आया यांनी ज्या रोमी ‘रोमांस’ कादंबऱ्या हातोहात वाचल्या, त्या देवनागरी वाचकापर्यंत क्वचितच पोचल्या. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराने गरीब ख्रिस्ती माणसाला रंगमंचावर आणले आणि त्यातल्या ‘कांतारां’तून, म्हणजे गाण्यांतून, सत्ताधाऱ्यांना खडसावले, पण साहित्येतिहास लिहिताना तियात्राकडे पुष्कळदा पाठ फिरवली गेली. ‘मी कोण?’ साष्टीतल्या ख्रिस्ती वाचकाच्या हाती पडत नाही आणि ‘मोन्सांव’ डिचोलीतल्या मराठी वाचकाच्या हाती पडत नाही. ही पुस्तके एकमेकांच्या भाषांत नेण्याचे काम अजून हवे तेवढ्या जोमाने झालेले नाही.

अलीकडच्या लेखनात सत्तरी तालुक्यातले प्रकाश पर्येकर महत्त्वाचे. पाणथळे, रान, अस्पृश्यतेचे आतल्या गोटातले चटके त्यांच्या कथांत अनुभवाच्या भाषेत येतात. ‘काजरो’ या त्यांच्या कथेवर त्याच नावाचा कोंकणी चित्रपट निघाला आणि ‘वर्सल’ या संग्रहाला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरीकडे, बांधकामांवर, ट्रॉलरवर आणि हॉटेलांच्या मागच्या खोल्यांत राबणारे कर्नाटक, ओडिशा, झारखंडहून आलेले मजूर गोव्याच्या पुस्तकांत अजून फार थोडे आहेत, आणि जे आहेत ते बहुधा पाहुणे पात्र म्हणून. त्यांची मुले आज गोव्यातल्या सरकारी मराठी आणि कोंकणी शाळांत शिकत आहेत.