चिंता की मंत्रचळ? एकच प्रश्न विचारणारी दोन मुलं

सांगलीत पावसानं जोर धरला की माणसं ख्यालीखुशालीच्या आधी ‘पाणी किती फुटांवर?’ असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ मध्ये पुन्हा घरं रिकामी करावी लागली. अशा गावात मुलानं नदीला घाबरावं, यात आजार कसला?

घाबरण्यात नाहीच. पण समजा, दोन मुलं आहेत. दोघंही नऊ-दहा वर्षांची, दोघंही दिवसभर ‘पाणी किती?’ हाच प्रश्न विचारून आईचं डोकं उठवतात.

त्यातली मुलगी. तिच्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन होतंय तोवर दुसरा तयार असतो. पूल बंद झाला तर बाबा कुपवाडच्या एमआयडीसीतून घरी कसे येणार? आज्जीला जिना चढवत नाही, तिला कोण उचलणार? पावसाळा सरला तरी चिंता सरत नाही, फक्त विषय बदलतो. सहामाही परीक्षा, आईचा खोकला, रिक्षावाले काका उशिरा आले तर काय. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. रात्री एकटीला झोपायला नको असतं.

आणि मुलगा. त्यालाही पाणी किती ते विचारायचं असतं, पण आकड्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. आईनं ‘पाणी घरात येणार नाही’ हे नेमक्या याच शब्दांत म्हणायला हवं. भाकरी थापता थापता ती ‘नाही रे येत, गप जेव’ म्हणाली तर ते चालत नाही. मग पुन्हा विचारायचं, ती त्याच्याकडे बघून तेच शब्द म्हणेपर्यंत. बाहेर पडताना उंबऱ्याला डावा पाय लागला तर उजवाही लागलाच पाहिजे, नाहीतर पूर येईल आणि धाकटी बहीण वाहून जाईल. पायाचा आणि पुराचा काही संबंध नाही हे त्यालाही बहुतेक कळतं. विचारलंत तर तो ओशाळून मान खाली घालेल. तरी पाय लावल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही.

घरात दोघांनाही ‘भित्रं’ हीच पदवी मिळते. मुलीच्या बाबतीत चिंताविकाराची शंका घ्यावी, मुलाच्या बाबतीत ओसीडीची, म्हणजे मंत्रचळाची. दोघांची भीती एकाच नदीची आहे, त्यामुळे भीतीचा विषय बघून काहीच उलगडत नाही आणि आईबाप नेमके तिथेच अडकतात. भीती आल्यावर मूल काय करतं आणि ते केल्यावर त्याला किती वेळ बरं वाटतं, हे बघायला हवं.

चिंतेतलं मूल टाळतं. सहलीला नको, पाहुण्यांत नको, वर्गात हात वर करायला नको. त्याच्या चिंता रोजच्या जगण्यातल्या असतात, फक्त प्रमाणाबाहेर वाढलेल्या. मंत्रचळातलं मूल उतारा करतं. नको असलेला विचार किंवा चित्र डोक्यात घुसतं, जीव कासावीस होतो, मग ते शमवण्यासाठी काहीतरी ठरलेलं करावंच लागतं. धुणं, मोजणं, शिवणं, तपासणं, पुन्हा विचारणं. केलं की थोडा वेळ सुटका, आणि मग तोच विचार आणखी जोरात. नायटा खाजवावा तसं.

मुलांचे सगळेच उतारे डोळ्यांना दिसत नाहीत, ही यातली मोठी अडचण. काही मुलं मनातल्या मनात मोजतात, देवाचं नाव ठरावीक वेळा घेतात, वाक्य ‘बरोबर’ वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचतात. बाहेरून ते मूल नुसतं रेंगाळणारं दिसतं. वही खोडून खोडून फाटते, पेपर अर्धा राहतो आणि पालक सभेत ‘हुशार आहे, पण स्पीड नाही’ असा शेरा मिळतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. काही विचार मूल कुणाला सांगूच शकत नाही. देव्हाऱ्यासमोर हात जोडल्यावर देवाला शिवी आठवते. पाळण्यातल्या भावाला आपण इजा करू असं चित्र दिसतं. वयात येणाऱ्या मुलांना लैंगिक चित्रं छळतात. मुलाला वाटतं, आपण वाईट आहोत, पापी आहोत. खरं तर हे विचार त्याला इतके नकोसे आहेत म्हणूनच तो असा हादरतो. ती त्याची इच्छा नसते. कधी धीर करून मुलानं असं काही सांगितलंच, तर ‘असलं बोलू नये’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. परत ते कधी सांगणार नाही.

आपल्याकडे सोवळ्याओवळ्यामुळे आणखी घोळ होतो. आज्जी अंघोळ करून देवपूजा होईतो कुणाला शिवत नाही, मग नातू सतत हात धुतो तर ‘आज्जीवर गेलाय’ म्हणून सगळे हसतात. पण आज्जीचं सोवळं रीतीनं चालतं आणि रीतीनं संपतं. प्रवासात, आजारपणात ती ते सैल करते आणि त्यानं तिची झोप उडत नाही. नातवाचं धुणं संपत नाही. साबण संपतो, कातडी सोलवटते, पण ‘झालं’ असं आतून वाटतच नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तीच ताटली आणि तीच गोष्ट हवी असते, ते मात्र वयाचं लक्षण आहे. फरशीच्या रेघेवर पाय न देता चालणं हाही खेळच, जोवर रेघेवर पाय पडला म्हणून मूल रडत मागे फिरत नाही तोवर.

डॉक्टर ढोबळमानानं एक माप लावतात. हे विचार आणि हे उतारे मिळून दिवसातला तासाहून अधिक वेळ खात असतील, किंवा त्यापायी शाळा, झोप, जेवण, खेळ बिघडत असेल, तर तपासणी हवी. लहानपणी सुरू होणारी ओसीडी बऱ्याचदा दहा वर्षांच्या आसपास दिसू लागते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३ च्या आवृत्तीत तिला चिंताविकारांच्या प्रकरणातून काढून स्वतंत्र प्रकरण दिलं. पण एकाच मुलात दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा घरी बसून शिक्का ठरवण्यात वेळ घालवू नये.

फरक माहीत असायला हवा तो घरातल्या वागण्यासाठी. धीर देणं हे आपल्याला प्रेमाचं काम वाटतं, आणि नेमकं तेच इथे उलटतं. चिंतेतल्या मुलीला एकदा, शांतपणे, खरी माहिती द्यावी: ‘आज पाणी तीस फूट आहे, आपलं घर उंचावर आहे, वाढलं तर आपण मामाकडे जाऊ, पिशवी भरून ठेवलीय.’ एकदाच. तोच प्रश्न पुन्हा आला तर ‘याचं उत्तर तुला माहीत आहे’ म्हणून आपण कामाला लागावं. माहितीनं तिला थोडा तरी आधार मिळतो. त्या मुलाला मात्र माहिती नकोच आहे. त्याला खात्री हवी आहे, आणि शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्यामुळे आईचं उत्तर त्याच्या उताऱ्याचाच भाग होऊन बसतं. हळूहळू सगळं घर त्यात ओढलं जातं. बाबा चपला बाहेर काढतात, ताई कडी तीनदा तपासून सांगते, आज्जी भांडं पुन्हा विसळून देते. रडारड टळावी म्हणून केलेली ही मदत आजाराला खतपाणी घालते.

म्हणून उद्यापासून सगळं एकदम बंद करायचं का? नाही. नळाला कुलूप, पाठीत धपाटा, पाहुण्यांसमोर नक्कल, या गोष्टींनी मूल उतारे लपवायला शिकतं, थांबवायला नाही. कपात थोडी थोडी, आधी सांगून आणि शक्यतो तज्ज्ञाच्या सल्ल्यानं करावी. आजाराला मुलापासून वेगळं काढून बोललं तर मुलांना सोपं जातं: ‘हे तू नाही, तुझा मंत्रचळ विचारतोय. त्याला मी उत्तर देणार नाही. तुझ्याजवळ मात्र बसते.’

‘तो विचार मनात आणूच नको’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. विचार दाबायला गेलं की तो उसळून वर येतो. दुसरा सल्ला जपाचा. आज्जीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली तर मी तिच्याशी वाद घालणार नाही, तिच्या जिवाला बरं वाटतं. पण मंत्रचळ असलेल्या मुलाला कुणी ‘रोज १०८ वेळा म्हण’ असं सांगितलं, तर ते मोजणीत चुकल्याच्या शंकेनं पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. आजाराच्या हाती आपण नवा उतारा दिला. दीर्घ श्वासाचंही तसंच होऊ शकतं: श्वास ‘नीट’ झाला का, म्हणून पुन्हा.

उपचाराचं मूळ दोन्हींत एकच, भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जाणं. मुलीनं आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग दोन तास, मग पूर्ण दिवस शाळेत जावं. एक रात्र मावशीकडे राहावं. मुलासाठी नुसतं सामोरं जाणं पुरत नाही. उंबरा एकाच पायानं ओलांडायचा, आणि दुसरा पाय लावायचा नाही. अस्वस्थता चढते, चढू द्यायची, आणि उतारा न करताही ती सोसवते हे त्याला अनुभवानं कळू द्यायचं. या पद्धतीला ईआरपी म्हणतात. नुसत्या गप्पा आणि समजूत घालणारं समुपदेशन चिंतेतल्या मुलाला थोडंफार उपयोगी पडेलही, ओसीडीत ते कधी कधी आठवड्याला एकदा मिळणारा धीरच ठरतं. तेव्हा पहिल्याच भेटीत सरळ विचारा: ‘तुम्ही मुलांबरोबर ईआरपी करता का?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

जायचं कुणाकडे? मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात, आणि तिथंच गडबड होते, कारण दवाखाने इतके की चुकीच्या दारात जाणं सोपं. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी होते, जंताचं औषध होतं, मग ‘मेंदूचे डॉक्टर’ म्हणून न्यूरोलॉजिस्ट गाठले जातात. आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक कारण नाही ना, ते बघून घ्यावं. मग मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट: ते निदान करतात, लागलं तर औषध देतात. थेरपी बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते, ती जरूर बघावी. सांगलीच्या सिव्हिलमध्येही मनोविकार विभाग आहे, आणि तिथं जायला कुणाची ओळख लागत नाही. ईआरपी करणारं जवळ कुणी मिळालं नाही तर ऑनलाइन थेरपीचा पर्याय आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.

गोळ्यांचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. ‘सवय लागेल’ ही भीती झोपेच्या गोळ्यांवरून आलेली आहे. या दोन्ही आजारांत मुलांना बहुधा सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनसारखी औषधं देतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र ती मनानं अचानक बंद करू नयेत. ओसीडीत परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. तीन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे पालक या वेळेआधीच हार मानतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं या गटावर ठळक इशारा छापायला लावला: सुरुवातीच्या काळात काही मुलांत बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे मुलावर लक्ष हवं, आणि मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं.

औषध की थेरपी? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंताविकार असलेली ४८८ मुलं होती. सर्ट्रालिन आणि थेरपी एकत्र घेणाऱ्यांपैकी ८१ टक्क्यांत चांगली सुधारणा झाली. नुसत्या थेरपीनं ६० टक्के, नुसत्या औषधानं ५५ टक्के आणि नकली गोळीनं २४ टक्के. ओसीडीच्या ११२ मुलांवरचा तसाच अभ्यास २००४ मधला. तिथं मोजमाप अधिक कडक होतं, लक्षणं जवळजवळ गेली का ते बघणारं. दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के, नुसत्या थेरपीत ३९, नुसत्या औषधात २१ आणि नकली गोळीत ४ टक्क्यांच्या आत. नकली गोळीचे दोन आकडे बघा: मोजमाप वेगळं असल्यानं थेट तुलना करता येत नाही, पण ओसीडी नुसत्या आशेवर आणि ‘वाढत्या वयाबरोबर जाईल’ म्हणून सहसा जात नाही, एवढं त्यातून दिसतं.

एका परिस्थितीत मात्र अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नये. कालपर्यंत ठीक असलेलं मूल दोन-चार दिवसांत एकदम बदललं, उतारे सुरू झाले, जेवण सुटलं, अक्षर बिघडलं, डोळे मिचकावणं किंवा खांदे उडवणं दिसू लागलं, वरचेवर लघवीला जायला लागलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि अलीकडे घसा दुखून ताप आला होता का, तेही सांगा. क्वचित काही मुलांत घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतुसंसर्गानंतर असं होतं आणि तिथं तपासणीची दिशाच वेगळी असते.

एरवी पहिल्या भेटीला जाताना आठवडाभराची वही न्यावी: काय घडलं, मुलानं काय केलं, किती वेळ गेला आणि घरातल्या कुणी काय मदत केली. हा शेवटचा रकाना बहुतेक जण लिहायचं टाळतात, डॉक्टरांना तो सगळ्यात उपयोगी पडतो. आणि मुलाला ‘गणपतीच्या दर्शनाला जाऊ’ म्हणून फसवून नेऊ नका. ‘डोक्यात एकच प्रश्न फिरत राहतो ना, तो थांबवायला शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे चाललोय, तिथं इंजेक्शन नसतं’ एवढं रिक्षात बसायच्या आधी सांगितलं तरी पुरतं.