हिपॅटायटिस सीचे उपचार आजारापेक्षा भयंकर असतात का?

‘हिपॅटायटिस सीची औषधे आजारापेक्षाही जास्त हाल करतात’ असा यकृताच्या या विषाणुजन्य आजाराबद्दलचा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. ही भीती निराधार नव्हती. इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिन 24 ते 48 आठवडे घ्यावी लागत, तेव्हा ताप, नैराश्य आणि रक्तक्षय अनेकांनी सोसला आहे. मात्र गेल्या दशकभरात वापरात आलेल्या, थेट विषाणूवर काम करणाऱ्या सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या बहुधा 8 ते 12 आठवडेच घ्याव्या लागतात, त्यांनी सुमारे 95 टक्के रुग्ण बरे होतात आणि त्रास झालाच तर तो बहुतेकदा डोकेदुखी, थकवा किंवा मळमळ इतकाच असतो. या गोळ्यांच्या उपचारात, शरीरात आधीपासून असलेला सुप्त हिपॅटायटिस बी मात्र उफाळू शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी करतात. पडताळणीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांची नावे पाहावीत. त्यांत इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन नसतील, तर संदेशातील वर्णन त्या उपचाराला लागू होत नाही.