हातभर अंतरावरचा स्वर

मांडवात माईक अचानक कुई करून ओरडतो. निवेदक दचकतो, साऊंडवाला धावत जाऊन नॉब मागे फिरवतो, पुढच्या रांगेतल्या आज्या कानांवरचे हात हळूच काढतात. ही कुई आपण सगळ्यांनी ऐकली आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, अँपमधून मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि परत माईक गाठतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे चक्र कितीतरी वेळा फिरतं आणि आवाज कान फोडू लागतो. याला फीडबॅक म्हणतात. तो होऊ न देणं हे कुठल्याही साऊंडवाल्याचं पहिलं काम.

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हा फीडबॅक वाजवायचा. त्याच्या आधीही काही गिटारवादकांनी तो मुद्दाम वापरला होता, पण चवीपुरता. जिमीने त्याला गळा दिला, त्याच्याकडून सूर काढून घेतले. 27 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये जन्मलेला आणि 18 सप्टेंबर 1970 रोजी लंडनमध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेलेला हा डावखुरा माणूस उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तिच्या तारा डावऱ्या हाताला जुळतील अशा उलट क्रमाने लावून वाजवायचा. मी त्याला पाहिलेलं नाही, तो गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. एका मित्राच्या खोलीत घासून घासून पातळ झालेल्या कॅसेटवर मी त्याला पहिल्यांदा ऐकलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. त्याला प्रत्यक्ष ऐकलेले लोक मात्र त्याच्या रेकॉर्डवर थांबत नाहीत. ते त्या संध्याकाळबद्दल बोलतात. गिटार त्याच्या हातात जिवंत व्हायची, असं काहीतरी सांगतात. हे कौतुकाच्या भरातलं बोलणं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. भौतिकशास्त्राच्या अंगाने पाहू लागल्यावर लक्षात आलं, की ते जे सांगतात ते जवळजवळ शब्दशः खरं आहे.

त्याचे पहिले चाहते स्वतः वादकच होते, हे आधी सांगायला हवं. सप्टेंबर 1966 मध्ये तो लंडनला आला. आठवडा होतो न होतो तोच, 1 ऑक्टोबरला, एका पॉलिटेक्निकमधल्या कार्यक्रमात तो एरिक क्लॅप्टनच्या बँडसोबत मंचावर चढला. क्लॅप्टन म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमधला गिटारचा शेवटचा शब्द. जिमी वाजवू लागला आणि क्लॅप्टन वाजवणं सोडून मंचावरून बाहेर निघून गेला. पुढच्या वर्षी, 4 जून 1967 रोजी, लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये जिमीने कार्यक्रमाची सुरुवातच बीटल्सच्या नव्या अल्बमच्या शीर्षकगीताने केली. अल्बमची प्रकाशनाची अधिकृत तारीख होती 1 जून. श्रोत्यांत बीटल्समधले पॉल मॅककार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन बसले होते. मॅककार्टनी ही आठवण पुढे आपल्या मैफलींत सांगत राहिले. गाणं संपेपर्यंत जिमीची गिटार पार बेसूर झाली होती आणि त्याने श्रोत्यांत बसलेल्या क्लॅप्टनला हाक मारून विचारलं, वर येऊन जरा लावून देतोस का?

गिटार बेसूर का झाली, यामागेही विज्ञान आहे. त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारला एक लोखंडी दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडतात. तारेची कंपनसंख्या तिच्या ताणाच्या वर्गमुळावर ठरते, म्हणून स्वर एक अख्खं सप्तक खाली आणायचा तर ताण एक चतुर्थांशावर आणावा लागतो. तारा इतक्या ढिल्या सोडून पुन्हा ताणल्या, की खोबणीत त्या जराशा वेगळ्या जागी अडकतात. जिमी ही दांडी फार निर्दयपणे वापरायचा.

आता त्या जिवंतपणाकडे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज पकडायला माईक नसतो. तारांखाली पिकअप असतात: लोहचुंबकाच्या छोट्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. ही वीज अगदी दुबळी असते. अँप तिला शेकडो पटींनी वाढवून स्पीकरला देतो. जिमीच्या मागे मार्शल कंपनीचे 100 वॉटचे अँप आणि माणसापेक्षा उंच स्पीकरची भिंत उभी असायची.

त्या भिंतीतून निघालेली हवेची लाट परत गिटारच्या तारेवर आदळते आणि तारेला हलवते. तार हलली की पिकअपमध्ये पुन्हा वीज, पुन्हा अँप, पुन्हा स्पीकर, पुन्हा तार. मांडवातल्या माईकचंच हे चक्र, फरक एवढाच की मध्ये एक तार आहे. हा फरक फार मोठा आहे. माईकला सगळे स्वर सारखे. तार निवडक असते, ती फक्त स्वतःच्या स्वरांना ओ देते. 110 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 110 कंपनांना, लावलेली तार 110, 220, 330, 440, 550 अशा पटींतच कंप पावू शकते. म्हणून मांडवात कुई होते आणि इथे सूर लागतो.

आपल्याकडच्या संगीतात वाढलेल्या कानाला ही पटींची गोष्ट नवी नाही. मिरजेचा चांगला तानपुरा लावून बसलं की षड्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो म्हणजे मूळ स्वराची पाचपट, आणि पंचम म्हणजे तिप्पट. जवारी काढणारा कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग अशा हाताने घासतो, आणि तिच्यावर सुताचा दोरा असा बसतो, की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि हे वरचे स्वर सतत जागे राहतात. सी. व्ही. रामन यांना भारतीय तंतुवाद्यांच्या या गुणाचं इतकं आकर्षण होतं की त्यांनी त्याचा शास्त्रीय अभ्यास केला. जिमीच्या गिटारमधून उमलणारा वरचा स्वर याच कुळातला. घोडी घासण्याऐवजी तो ते काम विजेकडून करून घ्यायचा.

कसं, ते पाहू. अँपला त्याच्या ताकदीपलीकडे नेलं की लाटेचा वरचा आणि खालचा भाग छाटला जातो. गोल टेकडीचं सपाट पठार होतं. लाटेचा आकार असा बदलला की त्यात मूळ स्वराच्या नवनव्या पटी तयार होतात, आवाज जाड आणि खरखरीत होतो. जिमी पायाशी फझ नावाची छोटी पेटी ठेवायचा, तिचं काम हेच. या छाटण्याचा आणखी एक परिणाम असतो आणि माझ्या मते सगळ्या कलेचं मर्म तिथे आहे. तार छेडल्यानंतर तिचं कंपन विरत जातं, पण पठाराची उंची ठरलेली असल्यामुळे तार अर्धी शांत झाली तरी बाहेरचा आवाज तेवढाच राहतो. साध्या गिटारचा स्वर जन्मताच मरू लागतो. हा स्वर मरायला तयार नसतो. त्यात फीडबॅकचं चक्र तारेला मागून ढकलत राहिलं, की वादकाने हात काढून घेतला तरी स्वर चालूच! चक्रात दर फेरीला आवाज वाढत का जात नाही? कारण तेच पठार, त्याहून वर जायला जागाच नसते.

तरी इथपर्यंतचं सगळं यंत्राने झालं. जिमी आत येतो तो पावलांनी. चक्र फिरतं राहायचं तर स्पीकरची लाट तारेपर्यंत योग्य वेळी पोचली पाहिजे. झोपाळ्याला धक्का द्यायचा तर तो परतू लागल्याच्या क्षणीच द्यावा लागतो, अवेळी दिला तर झोका मोडतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. 440 हर्ट्झच्या स्वराची एक लाट म्हणजे 78 सेंटिमीटर, तिचा अर्धा भाग 39 सेंटिमीटर. म्हणजे स्पीकरपासून हातभर मागे सरकलं की झोक्याला मिळणारा धक्का उलटा पडतो. तो स्वर विझतो आणि त्याच तारेचा दुसरा एखादा स्वर, ज्याच्या लाटेला ते अंतर मानवतं, डोकं वर काढतो. जुन्या चित्रफितींत जिमी अँपसमोर गिटार घेऊन डुलताना, वळताना, एक पाऊल पुढे टाकून थबकताना दिसतो. लोकांना ते नाचणं वाटतं. त्यात नाचणं होतंच, पण त्याच वेळी तो हवेतल्या अदृश्य पडद्यांवर बोट ठेवत होता. सतारीचे पडदे दांडीवर बांधलेले असतात, त्याचे मंचावर पसरलेले होते. प्रत्येक सभागृहात, प्रत्येक मैदानात ते वेगळ्या जागी असायचे आणि वाजवता वाजवताच शोधावे लागायचे. प्रत्यक्ष कार्यक्रम दर वेळी निराळा होण्यामागे लहरीपणा थोडा, भौतिकशास्त्र जास्त.

18 ऑगस्ट 1969. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी, एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतात वुडस्टॉकचा संगीत महोत्सव भरला होता. रविवारी रात्री संपायचा कार्यक्रम पावसाने लांबत सोमवारच्या सकाळवर आला. चार लाखांहून जास्त माणसं जमली होती, त्यातली बहुतेक चिखल तुडवत घरी निघून गेली होती. सकाळी नऊच्या सुमारास जिमी मंचावर आला आणि शेवटाकडे त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं, सुमारे पावणेचार मिनिटं. राष्ट्रगीताच्या शब्दांत अग्निबाणांचा आणि हवेत फुटणाऱ्या बॉम्बचा उल्लेख आहे. त्या ओळी आल्या की तो सूर सोडतो, दांडी दाबून तारा खाली कोसळवतो, फीडबॅक किंचाळू देतो. विमानं, स्फोट, आकांत, सगळं त्या सहा तारांतून येतं. मध्येच सैनिकाच्या अंत्यविधीला बिगुलावर वाजवतात ती धून. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा पेटलेलं होतं आणि जिमीने स्वतः छत्रीधारी सैनिक म्हणून लष्करात काम केलं होतं. काहींना हा राष्ट्रगीताचा अपमान वाटला. त्याने नंतर दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत शांतपणे सांगितलं, की त्याला ते सुंदर वाटलं होतं. मलाही वाटतं.

ऐकणाऱ्याच्या शरीरात अशा वेळी काय होतं? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या संगीताने स्वतःच्या अंगावर हमखास काटा येतो ते लोकांनीच निवडून आणलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. काटा येण्याच्या क्षणी मेंदूच्या खोल भागातल्या न्यूक्लियस अक्युम्बेन्समध्ये डोपामाइन हे सुखाशी निगडित रसायन स्रवलं. त्याच्या काही सेकंद आधी, म्हणजे तो क्षण येणार अशी चाहूल लागत असताना, कॉडेट नावाच्या शेजारच्या भागात स्रवलं. वाट पाहण्याचं सुख वेगळं, मिळण्याचं वेगळं, आणि मेंदू दोन्ही भोगतो. सम येण्याआधी श्रोत्यांची मान ज्या अधीरतेने उचलते, ती हीच. राष्ट्रगीताची चाल तर त्या शेतातल्या प्रत्येकाला बालपणापासून पाठ होती. पुढचा स्वर कोणता, हे मेंदूला ठाऊक होतं. जिमी तो देण्याऐवजी आकाश फाडायचा आणि मग, ताणून ताणून, तो स्वर हातात ठेवायचा.

रेकॉर्डिंगमध्येही हे सगळं आहे. मग प्रत्यक्ष ऐकण्यात जास्तीचं काय? कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात एक सभागृह खास प्रयोगांसाठी बांधलं आहे. तिथे एका रॉक गायकाची गाणी काही श्रोत्यांना प्रत्यक्ष आणि काहींना अल्बमवरून ऐकवली आणि त्यांच्या माना किती वेगाने हलतात ते मोजलं. समोर गायक असताना माना जास्त वेगाने हलल्या, आणि चाहत्यांच्या माना इतरांपेक्षा जास्त. झुरिक विद्यापीठातला 2024 चा प्रयोग तर मला जिमीच्या अँपची आठवण करून देतो. श्रोता स्कॅनरमध्ये पडलेला, आणि पियानोवादकाला त्याच्या अमिग्डलाची, मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाची, हालचाल त्याच क्षणी दिसते. वादक ती पाहून वाजवणं बदलतो. रेकॉर्ड केलेल्या संगीतापेक्षा अशा वेळी श्रोत्याचा अमिग्डला जास्त जागा झाला. हेही एक चक्रच. आपल्या मैफलीत एखादी जागा सुरेख गेली की पुढच्या रांगेतून ‘वा!’ येते आणि गायक तीच जागा पुन्हा, आणखी फुलवून घेतो. दाद हा मैफलीतला फीडबॅक आहे. रेकॉर्डवर आपण कितीही मान हलवली तरी पलीकडे ती कुणाला दिसत नाही.

शिवाय प्रत्यक्षातला आवाज नुसता कानाने ऐकायचा नसतोच. सुमारे 90 डेसिबलच्या वर गेलेला आवाज आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवालाही हलवतो, म्हणूनच बहुधा मोठ्या आवाजात अंगाला झुलल्यासारखं वाटतं. मॅकमास्टरच्याच सभागृहात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात, कानाला जाणवणार नाहीत असे अतिखर्ज स्वर मधूनमधून सोडले, तेव्हा लोक सुमारे 12 टक्के जास्त नाचले. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी मनापासून सांगतो. मोठ्या आवाजाने मेलेल्या आतल्या कानाच्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्याच पिढीतला गिटारवादक पीट टाऊनशेंड याने आपली श्रवणशक्ती अशीच अधू झाल्याचं उघडपणे सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा सुचवली. आवडत्या वादकाला ऐकायला जाताना खिशात इअरप्लग ठेवा. त्याने संगीत कमी होत नाही, पुढची चाळीस वर्षं ते ऐकू येतं.

वुडस्टॉकची ती पांढरी स्ट्रॅटोकास्टर आता सिएटलच्या संग्रहालयात आहे, काचेआड, तारा शांत. पण राष्ट्रगीताचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे. हेडफोन लावून एकदा फक्त लांबवलेल्या स्वरांकडे लक्ष द्या. त्यातला एखादा स्वर कुणी न छेडताच बारीक होत होत वर चढतो, खालचा मूळ सूर मागे पडतो आणि वर काहीतरी नवीन उजळतं. तिथे जिमी किंचित वळला असेल, किंवा हातभर सरकला असेल.