पूरग्रस्तांना इन्कम टॅक्सची मुदत वाढवून मिळते का? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

पंचनामा झाला, यादीत नाव आलं, खात्यावर मदतही जमा झाली. आता इन्कम टॅक्सचं सरकार बघून घेईल, असं सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर सोलापूर जिल्ह्यात अनेकांनी धरून चाललं. तसं होत नाही. जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती या सवलती राज्य शासनाच्या. आयकर केंद्राचा. तहसीलच्या यादीत नाव आहे म्हणून आयकर विभाग कोणाची तारीख आपोआप पुढे ढकलत नाही.

मुदत मिळण्याचे मार्ग दोन. पहिल्यात आपल्याला काहीच करायचं नसतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ आदेश काढून सगळ्यांची किंवा एखाद्या राज्याची तारीख वाढवतं. २०१८ च्या महापुरात फक्त केरळसाठी रिटर्नची मुदत ३१ ऑगस्टवरून १५ सप्टेंबर केली होती. २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी माढा, मोहोळच्या गावांत शिरलं तो नेमका टॅक्स ऑडिटच्या, म्हणजे धंद्याचे हिशेब सीएकडून तपासून घेण्याच्या, धावपळीचा आठवडा. ३० सप्टेंबरची ऑडिट अहवालाची मुदत आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबर झाली, ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची १० डिसेंबर. मुदतवाढीच्या कारणांत देशाच्या काही भागांतल्या पुराचा उल्लेख होता, पण ती वाढ साऱ्या देशाला होती. ऑडिट नसलेल्यांची १६ सप्टेंबरची मुदत तर पुराचा जोर वाढायच्या आधीच संपली होती. त्यांना ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरायची सोय होती. त्याला ५,००० रुपये विलंब शुल्क, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

तीही तारीख हुकली असेल, तर दुसरा मार्ग: आयकर कायदा १९६१ च्या कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला तरी आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात.

हा अर्ज मुख्यतः दोघांच्या कामाचा. ज्यांचा परतावा अडकला आहे ते आणि ज्यांना धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा आहे ते. समजा, एखाद्या तोडणी-वाहतूक ठेकेदाराच्या बिलातून साखर कारखान्याने टीडीएस कापला, डिझेल आणि मजुरी वजा जाता करपात्र उत्पन्न उरलंच नाही. त्याचा पैसा सरकारजमा आहे आणि रिटर्नशिवाय तो परत येणार नाही. चार वर्षांपर्यंत भरता येणारं अपडेटेड रिटर्न इथे चालत नाही, कारण त्यात परतावा मागताच येत नाही. ज्यांना उलट कर भरायचा आहे, त्यांनी या अर्जाच्या नादी लागू नये. अपडेटेड रिटर्न भरून मोकळं व्हावं.

ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार संबंधित कर-निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांत अर्ज करता येतो. म्हणजे कर-निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी ३१ मार्च २०३१ पर्यंत. परताव्याची किंवा तोट्याची रक्कम १ कोटीपर्यंत असेल तर निर्णय आयकर आयुक्त किंवा प्रधान आयुक्तांच्या पातळीवर होतो, आपल्याकडची बहुतेक प्रकरणं त्यातच बसतात. शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा, असं परिपत्रक सांगतं.

अर्ज ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून ‘सर्व्हिसेस’मधल्या ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’ खाली होतो. तिथे आयटीआर-व्ही (भरलेल्या रिटर्नची सही करून पाठवायची पोच) उशिरा पाठवल्याचा पर्याय वेगळा आहे, तो चुकून निवडू नका. सोबत पॅन, फॉर्म २६एएस आणि एआयएस (कापलेला कर आणि व्यवहार दाखवणारी आयकर विभागाची पत्रकं), उत्पन्नाचा हिशेब, बँक स्टेटमेंट, तोटा दाखवायचा असेल तर नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद. इतकं कोणताही कर सल्लागार जोडून देतो. अर्ज अडतो तो कारणावर.

“पूरग्रस्त असल्यामुळे उशीर झाला” एवढ्याने भागत नाही. पाणी कोणत्या तारखेला शिरलं, वह्या आणि संगणक कुठे होते, त्यांचं काय झालं, पुन्हा हिशेब उभा करायला किती वेळ लागला, हे तारखेनिशी लिहा. पूर सप्टेंबरचा, मग ३१ डिसेंबरपर्यंत का भरलं नाही, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. त्या तीन महिन्यांचं उत्तर अर्जातच हवं. पुरावा म्हणून पंचनाम्याची प्रत, तहसीलदारांचा दाखला, विमा सर्व्हेअरचा अहवाल, संगणक दुरुस्तीची पावती, तारखेचे फोटो. आजारपण झालं असेल तर दवाखान्याची कागदपत्रं. पंचनाम्याची प्रत गावकामगार तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, लगेच मागून घ्यावी. वर्षभराने त्यांची बदली झालेली असते आणि दप्तर शोधण्यातच दिवस जातात. शेताच्या पंचनाम्यात दुकानाचं नुकसान आपोआप येत नाही, तेही बघून घ्या.

अर्ज मंजूर झाल्यावर काम संपलं असं समजू नका. आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून, ११९(२)(बी) हा पर्याय निवडून रिटर्न भरावं लागतं.

ऑडिट अहवालच उशिरा गेला आणि दंडाची नोटीस आली, तर वेगळा अर्ज नाही. कलम २७३बी खाली ‘वाजवी कारण’ दाखवून नोटिशीला उत्तर द्यायचं, तिथेही हीच कागदपत्रं कामी येतात. सरकारकडून आपत्तीपोटी मिळालेली भरपाई मात्र कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त आहे, त्याच नुकसानीची वजावट आधीच घेतली नसेल तर.

जीएसटीत एकेकट्याला मुदत वाढवून मागायची सोय नाही, सरकारने अधिसूचना काढली तरच. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगलीसह काही पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलैच्या ३बी या मासिक विवरणासाठी २० सप्टेंबरपर्यंत वेळ दिला होता. अशी अधिसूचना नसेल तर शून्य विवरण असलं तरी दिवसाला २० रुपये लागतात. आणि चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट आपल्या सीएला जरूर विचारावी: पाण्यात वाया गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावं लागतं, आणि विमा दाव्यात मालाची किंमत मांडताना हा आकडा बऱ्याचदा धरायचाच राहून जातो.