पुरलेल्या हाडांची साक्ष

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याखाली सहलीची मुले फोटो काढतात. तिथल्या अवशेषांत सापडलेल्या एका हाडाची गोष्ट त्यांना कोणीतरी सांगायला हवी. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात हालहाल करून मारले. तिच्या अस्थी धर्मगुरूंनी गोव्यात आणल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्या हाडातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला, तेव्हा तो जॉर्जियात आढळणाऱ्या वंशशाखेचा निघाला. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावरून मातृवंश कळतो, नेमका माणूस नव्हे.

स्रेब्रेनित्साला नेमका माणूसच हवा होता. जुलै १९९५मध्ये बोस्नियातल्या या भागात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. पुढे पुरावा लपवण्यासाठी खड्डे यंत्रांनी उकरून प्रेते दुसरीकडे पुरली. त्यात देह तुटले, एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी गेली. त्या मारेकऱ्यांना माणसे मारून भागले नव्हते, ती होती हेच पुसायचे होते.

शास्त्रज्ञांनी नातेवाइकांचे रक्त घेतले. डीएनएत काही जागी अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक बदलते. अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. अशा अनेक जागा हाडाशी ताडल्या की नाते ठरते. ९९.९५ टक्के खात्री झाल्याशिवाय आयसीएमपी ही बेपत्ता माणसांचा शोध घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था ओळख पटल्याचे कळवत नाही. आजवर जवळजवळ सात हजार जणांना नाव परत मिळाले.

मातीही बोलली: तिच्यातले परागकण आणि खनिजे यांवरून कुठली प्रेते कुठून हलवली ते कळले. मला मात्र सर्वांत अस्वस्थ करतात ती मनगटी घड्याळे. हाताच्या हालचालीने चावी बसणारी, वार-तारीख दाखवणारी. हात निश्चल झाला की दीड-दोन दिवसांत तीही बंद पडतात. प्रेतांवरच्या अशा घड्याळांवरून मृत्यूचा काळ काढला, तो जुलै १९९५शी जुळला.

हे पुरावे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे आले. २००४मध्ये अपिलातही हे हत्याकांड वंशसंहारच ठरले. तरी 'असे घडलेच नाही' म्हणणारे आजही आहेत, आणि सुमारे हजार जण अजून बेपत्ता आहेत. रक्त देणाऱ्या कित्येक आया आता हयात नाहीत. त्यांच्या डीएनएच्या नोंदी आहेत. नवे हाड सापडले की ते त्या नोंदींशी ताडले जाते.