गाडीचा पाठलाग करणारा उजेड

‘रात्री परत येताना आकाशातला एक उजेड गाडीबरोबर चालत होता. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. घरातल्या सगळ्यांनी पाहिला!’ असे किस्से वर्षानुवर्षं फिरतात, आणि निष्कर्षही ठरलेला: तारा काही पाठलाग करत नाही, म्हणजे ती उडती तबकडीच.

पाहणारे खोटं बोलत नसतात. अर्थ लावण्यात गफलत होते: तो उजेड बहुधा शुक्राचा असतो. रस्त्याकडेची झाडं भराभर मागे पडतात, लांबचा डोंगर सावकाश. कोट्यवधी किलोमीटरवरचा शुक्र मात्र मागे पडतच नाही, म्हणून सोबत आल्यासारखा वाटतो. चंद्रही असाच बरोबर येतो, पण चांदोमामावर कुणी संशय घेत नाही. चंद्राखालोखाल रात्री शुक्रच तेजस्वी. क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यामुळे तो लाल-हिरवा लुकलुकतो. शिवाय मिट्ट काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली, तर स्थिर ठिपकाही सरकल्याचा भास होतो.

उजेड खरोखरच सरकत गेला आणि मध्येच विझला, तर बहुधा कृत्रिम उपग्रह. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो दिसेनासा होतो.

खात्री करायचीय? गाडीतून उतरा, खांबाला डोकं टेकवा आणि उजेड एखाद्या फांदीच्या टोकाशी जुळवा. शुक्र असेल तर 10 मिनिटांत तो मावळतीकडे साधारण अडीच अंश सरकेल, म्हणजे हात लांब करून धरलेलं जेमतेम दीड बोट.